५८ कठीण शब्द

सन १५८२ मध्ये फ्रान्समधील रीम्स या शहरात इंग्रजी भाषेतील पहिला छापील कॅथलिक नवा करार प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाच्या अखेरीस भाषांतरकारांनी एक छोटीशी यादी जोडली होती. सर्वसामान्य वाचकास परिचित नसलेले ५८ शब्द वर्णानुक्रमाने मांडून त्यांचे अर्थ तेथे थोडक्यात दिले होते. चार शतकांहून अधिक काळ लोटला. तो ग्रंथ आता अभ्यासकांच्या टेबलावर गेला, पण ती यादी मात्र आजही वाचण्याजोगी आहे. जुन्या शब्दांविषयीचे कुतूहल भागवण्यापुरतेच तिचे मोल नाही. श्रद्धेची भाषा सोपी असावी की नेमकी असावी, हा आपल्या मराठी प्रार्थनापुस्तकांपुढेही उभा असलेला प्रश्न त्या यादीत पहिल्यांदा इतक्या उघडपणे मांडलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्या यादीचे परीक्षण करावयाचे आहे, आणि ते करताना आपल्या मराठी शब्दांकडेही वळावयाचे आहे.

प्रथम त्या ग्रंथाची पार्श्वभूमी पाहू. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना राहणे अशक्य झाले होते. विल्यम ॲलन यांनी १५६८ मध्ये डुए येथे इंग्रज विद्यार्थ्यांसाठी धर्मविद्यालय स्थापन केले, आणि १५७८ मध्ये ते काही वर्षांपुरते रीम्स येथे हलवावे लागले. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे विद्वान ग्रेगरी मार्टिन यांनी तेथे बायबलच्या भाषांतरास हात घातला. दररोज सुमारे दोन अध्याय, या गतीने त्यांनी हे काम नेले. जुना करार पैशाअभावी १६०९-१० पर्यंत डुए येथे छापता आला नाही. मार्टिन तर १५८२ च्या ऑक्टोबरातच निवर्तले. म्हणजे नवा करार छापून झाला त्याच वर्षी त्याचा भाषांतरकार गेला. त्यांचा ऑक्सफर्डमधील मित्र एडमंड कॅम्पियन याला आदल्याच वर्षी, १५८१ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये देहान्ताची शिक्षा झाली होती. ही यादी अशा काळातली आहे. एखाद्या शब्दाच्या अर्थावरून माणसे प्राण गमावीत होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे भाषांतरकारांच्या काटेकोरपणाकडे केवळ पंडिती हट्ट म्हणून पाहता येत नाही.

मार्टिन यांनी आधारासाठी संत जेरोम यांचा लॅटिन व्हल्गेट पाठ घेतला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये त्या पाठाला अधिकृत मान्यता दिली होती. जेथे लॅटिन शब्दास नेमका इंग्रजी शब्द सापडत नाही, तेथे मार्टिन यांनी लॅटिन वा ग्रीक शब्दच थोडे इंग्रजी वळण देऊन ठेवला. प्रस्तावनेत या पद्धतीचे समर्थनही केले आहे. त्यातला युक्तिवाद साधा आहे: 'होसान्ना' सारखे शब्द तुमच्याही इंग्रजी बायबलांत जसेच्या तसे आहेत, मग आम्ही 'कॉर्बाना' आणि 'पॅरासीव्ह' लिहिले तर तक्रार कसली? 'प्रोसेलाइट' चालतो, तर 'निओफाइट' का चालू नये? नवा शब्द आज कानाला खटकेल, उद्या रुळेल, असा त्यांचा विश्वास होता.

हा विश्वास कितपत खरा ठरला, ते आता यादीवरूनच तपासता येते. ५८ शब्दांपैकी काही शब्द आज इतके रुळले आहेत की त्यांना कोणी कठीण म्हणत होते, हेच नवल वाटावे. 'ॲडव्हेंट' त्या यादीत आहे. 'व्हिक्टिम' आहे, 'ग्रॅटिस' आहे, 'निओफाइट' आहे. सर्वांत मौजेचा शब्द म्हणजे 'को-ऑपरेट'. ज्या शब्दाचा अर्थ इंग्रज वाचकाला समजावून सांगावा लागेल असे १५८२ मध्ये वाटले, तो शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारगावात 'कॉपरेटिव्ह' या रूपाने ऐकू येतो. शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीही सोसायटी म्हणजे काय आणि कॉपरेटिव्ह म्हणजे काय हे बिनचूक सांगतो. शब्द कठीण असतो तो त्याच्या जन्मामुळे नव्हे, तर त्यामागचा व्यवहार आपल्या आयुष्यात नसल्यामुळे. व्यवहार आला की शब्द आपोआप सोपा होतो. मार्टिन यांच्या बाजूने याहून मोठी साक्ष दुसरी नाही.

पण सगळेच शब्द रुळले असे मात्र झाले नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या नम्रतेचे जे महान वर्णन आहे, तेथे मार्टिन यांनी 'एक्झिनॅनाइटेड' असा शब्द योजला. लॅटिन क्रियापदाला इंग्रजी प्रत्यय, एवढेच त्याचे स्वरूप. तो बोलण्यात आला नाही, गाण्यात आला नाही, आणि बिशप रिचर्ड चॅलोनर यांनी १७४९ पासून सुधारून काढलेल्या आवृत्त्यांत तो वगळून 'रिकामे केले' या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द घातला. 'कॉन्ट्रिस्टेट' म्हणजे दुःखी करणे, 'डोनरीज' म्हणजे मंदिरातील अर्पणे, 'सुपरएडिफाइड' म्हणजे पायावर वर बांधलेला. हे शब्दही मागे पडले. यांच्या अपयशाचे कारण शोधले तर एक गोष्ट दिसते. या प्रत्येक अर्थासाठी इंग्रजीत आधीच घरचा शब्द होता. दुःख देणे, अर्पण, बांधणे या गोष्टी इंग्रज माणूस रोज करीत होता, रोज बोलत होता. ज्या कोनाड्यात दिवा आहे तेथे दुसरा दिवा नेऊन ठेवण्यात अर्थ नसतो. उलट 'ॲडव्हेंट' किंवा 'निओफाइट' या शब्दांनी जी जागा भरली, ती जागा खरोखर रिकामी होती.

समीक्षकाला येथे एक कसोटी हाती लागते. अनोळखी शब्द आणावा की नाही, हे त्या शब्दाच्या प्रतिष्ठेवरून ठरवू नये. भाषेत त्याची जागा रिकामी आहे काय, एवढेच पाहावे. मार्टिन यांनी काही ठिकाणी ही कसोटी पाळली, तर काही ठिकाणी लॅटिनच्या आदरापोटी ती सोडली. सन १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या भाषांतरकारांनी आपल्या प्रस्तावनेत 'अझाइम्स', 'होलोकॉस्ट', 'पास्क' अशा रीम्स व डुए येथील शब्दांची नावे घेऊन त्यांच्या दुर्बोधतेवर टीका केली. मात्र त्याच भाषांतरकारांनी रीम्सच्या पाठातून कितीतरी शब्द व शब्दरचना उचलल्या, हे पुढे जे. जी. कार्लटन यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सविस्तर दाखवून दिले. विल्यम फुल्क यांनी तर खंडन करण्यासाठी म्हणून १५८९ मध्ये रीम्सचा संपूर्ण पाठ दुसऱ्या पाठाशेजारी छापला, आणि त्यामुळे ज्यांच्या हाती तो कधी पडला नसता त्यांच्याही हाती तो पडला.

येथवर यादीतील शब्दांचा विचार झाला. परंतु जुन्या इंग्रजी धर्मग्रंथांतील खरी अडचण यादीत नसलेल्या शब्दांची आहे. कठीण शब्द निदान वाचकाला थांबवतो. त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, हे वाचकाला ठाऊक असते. जो शब्द ओळखीचा दिसतो पण आतून बदललेला असतो, तो वाचकाला थांबवीत नाही, फसवतो.

उदाहरणे पाहा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात जिवंत असलेले लोक निजलेल्यांना 'प्रिव्हेंट' करणार नाहीत, असे जुन्या कॅथलिक पाठात आणि किंग जेम्स पाठातही आहे. आजच्या मुलाला वाटेल की अडवण्याची भाषा चालली आहे. पण तेव्हा त्या शब्दाचा अर्थ 'आधी जाणे, पुढे निघून जाणे' असा होता. जिवंतांचा नंबर मृतांच्या आधी लागणार नाही, एवढेच संत पौलाला सांगायचे आहे. 'होली घोस्ट' हे नाव आमच्या जुन्या पिढीने इंग्रजी शाळांत शेकडो वेळा उच्चारले. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ श्वास, प्राण, आत्मा असा होता. पुढे तो पिशाच्चापुरता उरला, आणि विसाव्या शतकात इंग्रजी प्रार्थनांना 'होली स्पिरिट' असे म्हणणे भाग पडले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या 'भूत' शब्दाचे नेमके हेच झाले आहे. जे झाले आहे, जे अस्तित्वात आहे ते भूत. म्हणून 'भूतमात्र', 'भूतदया', 'पंचमहाभूते'. पण एकट्या 'भूत' शब्दाने आज पोर घाबरते. 'भूतदया' म्हणजे पिशाच्चांवरची दया असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर आपण हसू, पण त्याने वापरात असलेलाच अर्थ घेतला, हेही मान्य करू. 'चॅरिटी' चे उदाहरण याहून बोलके आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात जुन्या पाठात सर्वत्र 'चॅरिटी' आहे. मूळ लॅटिन 'कारितास', म्हणजे देवाकडून आलेली आणि माणसांपर्यंत पोहोचणारी प्रीती. आज चॅरिटी म्हणजे देणगी, पावती आणि करातली सूट. मराठीत 'धर्म' हा केवढा मोठा शब्द! पण दारात उभा राहून 'धर्म करा' म्हणणाऱ्याने तो मूठभर पिठाएवढा केला. 'दानधर्म' या जोडशब्दात धर्म दानाच्या शेपटाला बांधला गेला. विदर्भात तर हिंदी आणि मराठी एकाच ओसरीवर बसतात. तेथे 'शिक्षा' म्हणजे विद्या की दंड, हे बोलणाऱ्याच्या भाषेवरून ठरवावे लागते.

आर्वीसारख्या कापसाच्या जुन्या बाजारगावात जुन्या इंग्रजीचा असाच एक शब्द दिवसभर ऐकू येतो, आणि तो जुना आहे याची कोणाला कल्पना नसते. कापूस 'जिनात' गेला, 'जिनिंग' सुरू झाले, जिनाचा भोंगा झाला. हा 'जिन' म्हणजे 'एंजिन' चाच आखूड झालेला अवतार. मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'युक्ती, क्लृप्ती' असा अर्थ झाला. मध्ययुगीन इंग्रजीत 'जिन' म्हणजे कोणतीही क्लृप्ती, यंत्र, आणि विशेषतः पाखरे व जनावरे धरण्याचा सापळा. किंग जेम्स बायबलात आमोस, यशया आणि ईयोब या पुस्तकांत 'जिन' आहे तो या फासाच्या अर्थाने. पुढे सरकी आणि रुई वेगळी करण्याच्या यंत्राला तेच नाव मिळाले, आणि यंत्राबरोबर ते वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीत आले. आर्वीच्या एखाद्या मुलाने जुने इंग्रजी बायबल उघडले आणि दुष्टाच्या टाचेला जिन पकडतो असे वाचले, तर त्याच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहील? शब्द त्याच्या अगदी ओळखीचा आहे, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे.

रीम्सच्या यादीचे मोठेपण आणि मर्यादा या दोन्ही येथे दिसतात. कठीण शब्द ठेवल्यास त्याचा अर्थ देण्याची जबाबदारी आपली आहे, हे त्या भाषांतरकारांनी मानले, ही त्यांची सचोटी. पण परिचित शब्दही काळाच्या ओघात अपरिचित होतील, ही शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हती. कोणतीही यादी एकदाच करून भागत नाही; ती पिढीगणिक नव्याने करावी लागते.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू, आणि ती आपल्या भाषेतली आहे. ग्रेगरी मार्टिन रीम्समध्ये भाषांतर करीत होते त्याच सुमारास, १५७९ च्या एप्रिलमध्ये, एक इंग्रज येशूसंघी तरुण लिस्बनहून जहाजात बसला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरला. तेच फादर थॉमस स्टीफन्स. त्यांनी पुढील सुमारे ४० वर्षे मुख्यत्वे साष्टी प्रांतात घालवली आणि १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत 'ख्रिस्तपुराण' छापले. दोघेही इंग्रज, दोघेही कॅथलिक, दोघेही आपल्या देशात परतण्याचा मार्ग बंद झालेले. दोघांपुढेही एकच प्रश्न होता: लॅटिनमधील श्रद्धा लोकभाषेत कोणत्या शब्दांनी आणायची? पण उत्तरे वेगवेगळी निघाली. मार्टिन यांनी लॅटिन शब्द राखून त्यांचा अर्थ ग्रंथाच्या शेवटी दिला. स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत सांगितले आहे की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही, म्हणून तीत तेथील लोकांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले. पोर्तुगीजांकडून आलेली काही धर्मनामे त्यांनी जशीच्या तशी ठेवली, आणि त्याच वेळी 'वैकुंठ', 'मुक्ती' असे या मातीतले शब्दही निर्भयपणे घेतले. 'मोक्षराज' हा त्यांनी ख्रिस्ताला दिलेला शब्द तर आजही कानाला नवा आणि अर्थाला भरलेला वाटतो.

स्टीफन्स यांचा मार्ग निर्धोक होता असे नव्हे. 'वैकुंठ' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात विष्णूचे चित्र उभे राहणार, हे त्यांना कळत असलेच पाहिजे. ओळखीच्या शब्दाचा जो धोका आपण वर पाहिला, तो त्यांनी जाणून पत्करला. मात्र त्यांनी शब्द एकटा सोडला नाही. सुमारे ११,००० ओव्यांच्या कथनात तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी कथाच त्याला नवा अर्थ देत जाते. मार्टिन यांनी अर्थ यादीत दिला, स्टीफन्स यांनी तो कथेत दिला. माझ्या मते दुसरी पद्धत अधिक टिकाऊ आहे. यादी वाचणारे थोडे. कथा ऐकणारे पुष्कळ. तरीही कथा ऐकण्याची सवय मोडते, ओव्या म्हणणारी पिढी जाते, तेव्हा शब्द पुन्हा उघडा पडतो आणि यादीची गरज पुन्हा भासू लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि लोकभाषेचा दरवाजा उघडला. त्यानंतर मराठी उपासनेत जे शब्द रुळले, त्यांना वरील कसोटी लावून पाहण्यासारखे आहे. सगळ्यांची चर्चा येथे शक्य नाही, तीन-चार पुरेत.

'पॅराक्लीट' हा रीम्सच्या यादीतील शब्द. योहानलिखित शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येणारा मूळ ग्रीक शब्द म्हणजे 'हाकेला धावून शेजारी उभा राहणारा', न्यायसभेत आपली बाजू घेणारा. मार्टिन यांनी तो ग्रीक शब्दच ठेवला. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी 'कंफर्टर' केला. त्या काळी या शब्दात बळ देण्याचा अर्थ होता, पण आज काही देशांत कंफर्टर म्हणजे थंडीत अंगावर घेण्याची रजई. मराठी बायबलाने येथे 'कैवारी' हा शब्द निवडला, आणि या एका शब्दासाठी त्या भाषांतरकारांचे ऋण मानले पाहिजे. कैवार घेणारा तो कैवारी. गावच्या पंचांपुढे गरिबाच्या बाजूने बोलणारा. त्यात शेजारी उभे राहणे आहे, बळ देणे आहे, आणि वाद जिंकून देणेही आहे. ग्रीक शब्दाला इतका जवळचा शब्द इंग्रजीला सापडला नाही, तो मराठीला सापडला. याला यादीची गरज नाही.

दुसरा शब्द प्रभूच्या प्रार्थनेतला. इंग्रजी बोलणारा कॅथलिक ती प्रार्थना म्हणताना 'ट्रेसपासेस' म्हणतो, पण त्याच्या जुन्या बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात 'डेट्स' म्हणजे ऋणे असा शब्द आहे. 'ट्रेसपास' हा शब्द विल्यम टिंडल यांच्या १५२६ च्या भाषांतरातून आला आणि १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकामुळे सर्वांच्या जिभेवर बसला. आपल्याकडे तो शब्द मुख्यतः कुंपणावरील पाटीवर भेटतो: आत येणाऱ्यावर खटला भरला जाईल. क्षमेच्या प्रार्थनेतील शब्द खटल्याच्या पाटीवर जाऊन बसावा, हा भाषेचा विचित्र न्याय म्हटला पाहिजे. मराठी बायबलात मत्तयाच्या त्याच ओळीत 'ऋण' आहे. 'ऋण सोडणे' असा शब्दप्रयोग आहे.

हा शब्द वर्धा जिल्ह्यात वाचताना नुसता अलंकार राहत नाही. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २००६ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली; त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. जेथे सातबाऱ्यावर बोजा चढला आहे, जेथे सोसायटीचे कर्ज नवे-जुने करीत वर्षे जातात, तेथे 'आमची ऋणे सोड' असे देवाला म्हणणारा माणूस काय म्हणत आहे हे त्याला पुरेपूर कळते. त्याहून कठीण आहे तो पुढचा भाग: आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे. सावकाराच्या ओट्यावर आणि देणेकऱ्याच्या झोपडीत ही ओळ सारख्याच ताकदीने ऐकू येते. 'अपराध' असे म्हटले तर प्रार्थना मनापुरती राहते, 'ऋण' असे म्हटले तर ती वहीपर्यंत पोहोचते. सोपेपणासाठी किंवा सवयीसाठी हा शब्द बदलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा असे मला वाटते. अर्थ समजावून सांगताना ऋण म्हणजे पापही, हे जरूर सांगावे; पण पैशाचा अर्थ पुसून टाकू नये.

तिसरा शब्द भाकरीचा. त्याच प्रार्थनेत एक ग्रीक विशेषण आहे, जे इतरत्र जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे संत जेरोम यांनाही त्याचा एकच अर्थ ठरवता आला नाही. लूकच्या शुभवर्तमानात त्यांनी ते 'रोजची' असे केले, आणि मत्तयात 'सत्त्वापलीकडची' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घडवला. मार्टिन यांनी तो 'सुपरसबस्टॅन्शियल' असा इंग्रजीत उतरवला, आणि चॅलोनर यांनीही तो काढला नाही. या शब्दाची थट्टा करणे सोपे आहे. भुकेल्या मुलाला असा शब्द घशाखाली उतरणार नाही. पण जेरोम यांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ दोन ठिकाणी ठेवले, यात एक शहाणपण आहे. पोटाची भाकर आणि वेदीवरची भाकर या दोन्ही त्या मागणीत आहेत. मराठीने 'भाकर' हा ज्वारीच्या पिठाचा, चुलीच्या धगीचा शब्द घेतला. तो योग्यच घेतला. मात्र दुसरा अर्थ सांगण्याचे काम त्यामुळे धर्मशिक्षकावर आले, आणि ते काम होत नसेल तर अर्धी प्रार्थना हरवते.

शेवटचा शब्द 'कॉर्बाना'. रीम्सच्या यादीतला हा सर्वांत परका वाटणारा शब्द. यहूदाने फेकलेली तीस नाणी महायाजक उचलतात आणि रक्ताचा मोबदला म्हणून ती कॉर्बानात टाकता येत नाहीत असे ठरवतात, तेथे तो येतो. अर्थ मंदिराचा दानकोश. इंग्रज वाचकाला हा शब्द कधीच जवळचा झाला नाही. पण वर्धा जिल्हा ज्या चांदा धर्मप्रांतात येतो, तो १९७७ मध्ये स्थापन झालेला सीरो-मलबार परंपरेचा धर्मप्रांत आहे. त्या परंपरेत मिस्साबलिदानाला म्हणतातच 'कुर्बाना'. सुरियानी 'कुर्बाना', हिब्रू 'कोर्बान', आणि अरबीतून आपल्या बोलण्यात आलेली 'कुर्बानी' ही एकाच मुळाची भावंडे. ते मूळ म्हणजे 'जवळ येणे'. आपण हिंदीत 'करीब' म्हणतो तोही त्याच घरातला. ज्याच्या योगाने माणूस देवाच्या जवळ जातो, ते कुर्बान. रीम्समधील इंग्रजांना जो शब्द यादीत घालून समजावावा लागला, तो आर्वीच्या बाजारात कापूस विकणाऱ्या आणि शेजारच्या मोहल्ल्यातील ईदच्या कुर्बानीविषयी ऐकून असणाऱ्या माणसाला निम्मा आधीच ठाऊक आहे. उरलेला निम्मा, म्हणजे रक्ताचे पैसे त्या कोशात का चालत नाहीत आणि खरे अर्पण कोणते, हे सांगण्यासाठीच तर प्रवचन असते.

यावरून काय निष्पन्न होते? वाद जुना आहे आणि मिटलेला नाही. सन २०११ मध्ये इंग्रजी मिस्साग्रंथाची नवी आवृत्ती आली, तेव्हा 'कन्सबस्टॅन्शियल' हा भारदस्त शब्द श्रद्धाप्रकटनात परत आला आणि चार शतकांपूर्वीचाच वाद पुन्हा रंगला. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये उपासनेच्या भाषांतराची अधिक जबाबदारी त्या त्या देशांतील धर्माचार्य परिषदांकडे सोपवली. म्हणजे निर्णय आता जवळ आला आहे, आणि आपण मराठी बोलणाऱ्यांनी आपल्या शब्दांविषयी काही मत बनवणे ही केवळ हौस राहिलेली नाही.

आपल्या घरांतील मुले आज दोन्हीकडून तोट्यात आहेत. इंग्रजी शाळेत ती 'हॅलोड' आणि 'ट्रेसपास' तोंडपाठ म्हणतात, पण अर्थ विचारला तर गप्प राहतात. घरी आजी 'कैवारी' म्हणते, 'ऋण' म्हणते, तेव्हाही ती गप्पच राहतात. यावर उपाय म्हणून शब्द सोपे करीत जावे, असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. सोपा केलेला शब्दही पन्नास वर्षांनी जुना होणार आहे. उपाय आहे तो रीम्सच्या त्या छोट्या यादीत. मराठी प्रार्थनापुस्तकांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या शेवटी दोन पाने असावीत. त्यांत आगमनकाळ, पास्का, कैवारी, ऋण, भाकर, कृपा अशा शब्दांचे अर्थ सरळ मराठीत दिलेले असावेत. कठीण शब्द त्यांत असावेतच, पण ओळखीचे वाटणारे आणि आतून बदललेले शब्द आधी असावेत.

आणि ज्या घरात अशी पाने छापून येण्याची वाट पाहायची नसेल, तेथे रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक शब्द घेऊन त्याविषयी बोलावे. आजीला ठाऊक असलेले मुलाने ऐकावे, मुलाला शाळेत कळलेले आजीने ऐकावे. वर्षभरात ५८ शब्द सहज होतील.